अडलेले दूध

निफाड तालुक्यातील सायखेड्याचे एक शिक्षक वर्गात मुलांनी विचारलेले प्रश्न जमवून मधूनमधून आमच्याकडे पाठवतात. गोदावरीच्या काठचे हे गाव. आसपास ऊस, द्राक्षे आणि कांदा. ज्या घरात धान्याची पोती, कडब्याची गंजी आणि कांद्याची चाळ, त्या घरात उंदीर असणारच. आणि उंदीर आले की मांजर आलेच. गेल्या खेपेच्या प्रश्नांत सातवीतल्या एका मुलीचा प्रश्न होता. घरच्या मांजरीची पिल्ले महिन्याची झाली आणि ती सगळी एकाच दिवशी वाटून टाकली. दुसऱ्या दिवशी मांजरीचे पोट खालच्या बाजूने टणक झाले. ती कुणाला हात लावू देईना. आजी म्हणाली, "दूध अडलंय, पिळून काढा." शेजारचे काका म्हणाले, "हात लावू नका, आपोआप आटेल." तर कोण बरोबर?

याचे उत्तर चार ओळींत देता येते, आणि ते पुढे दिलेही आहे. पण आजी आणि काका या दोघांच्याही मागे मोठी परंपरा उभी आहे. अडलेल्या दुधाचे काय करायचे हा वाद वैद्य, गवळी, शल्यविशारद आणि शरीरक्रियाशास्त्रज्ञ यांच्यात फार जुना आहे, आणि तो सुटण्याच्या वाटेवर मांजराने दोनतीनदा मोलाची साक्ष दिली आहे. म्हणून जरा लांबच्या वाटेने जाऊ.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात स्तनरोगांचा विचार आहे. तिथे एक लक्षवेधी निरीक्षण येते. कुमारिकांच्या स्तनांतील वाहिन्यांची तोंडे मिटलेली असतात, म्हणून त्यांना हे रोग होत नाहीत. गर्भवती आणि बाळंतिणीत ती तोंडे आपोआप उघडतात, आणि मग रोगालाही वाट मिळते. सुश्रुत दोषांच्या भाषेत बोलतो, जिवाणूंच्या नव्हे. तरीही 'बाहेर जाण्याची वाट तीच आत येण्याची वाट' हा विचार आजही जसाच्या तसा वापरता येतो. उपचार सांगताना तो स्पष्ट म्हणतो की सूज कच्ची असो वा पिकलेली, प्रत्येक अवस्थेत स्तनातले दूध काढत राहावे. म्हणजे सायखेड्याच्या आजीच्या बाजूने थेट सुश्रुत!

युरोपात मात्र कितीतरी शतके वेगळीच समजूत होती. दूध म्हणजे गर्भाशयातले रक्तच, बाळंतपणानंतर ते वर चढून पांढरे होते, असे मानले जाई. हे दूध वाट चुकले की ताप येतो, पू होतो, बाळंतीण दगावते. अठराव्या शतकातील नामांकित डॉक्टरही 'वाट चुकलेल्या दुधा'वर ग्रंथ लिहीत होते. आज हसू येते, पण त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते. दूध साचणे, ताप आणि पू या गोष्टी एकामागोमाग येतात हे त्यांना दिसत होते. मधला दुवा तेवढा दिसत नव्हता.

तो दुवा प्रथम गाईच्या कासेत सापडला. आपल्याकडे शेतकरी या रोगाला 'दगडी' म्हणतात. कास दगडासारखी होते म्हणून दगडी; नावातच लक्षण आले. १८७६ साली म्युनिकमध्ये फ्रँक या पशुवैद्यकाच्या प्राध्यापकाने दगडी झालेल्या गाईचा स्राव निरोगी गाईच्या सडातून आत सोडला, आणि तिलाही दगडी झाली. रोग बाहेरून, सडाच्या छिद्रातून आत जाऊ शकतो हे त्यातून दिसले. चारच वर्षांनी, १८८० मध्ये, स्कॉटलंडमधील अॅबर्डीनचा शल्यविशारद अलेक्झांडर ऑगस्टन याने गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात द्राक्षाच्या घडासारखे गोल जिवाणूंचे पुंजके त्याला दिसले. घराच्या मागे थाटलेल्या प्रयोगशाळेत तो हे जिवाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवी. १८८२ मध्ये त्याने त्यांना 'स्टॅफिलोकॉकस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घड. निफाडच्या विद्यार्थ्यांना हे नाव लक्षात ठेवायला जड जाऊ नये. त्याच दशकात फ्रान्समध्ये नोकार आणि मोलेरो यांनी गाईंच्या सांसर्गिक दगडीत साखळीसारखे जुळलेले जिवाणू दाखवले. हे 'स्ट्रेप्टोकॉकस' गवळ्याच्या हातावरून एका गाईच्या सडावरून दुसरीच्या सडावर जातात. मांजरीच्या स्तनदाहातही प्रामुख्याने स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस आणि आतड्यातला ई. कोलाय हेच जिवाणू सापडतात. फरक इतकाच की तिला गवळी नसतो. पिल्लांच्या नखांचे ओरखडे, घाणेरडे अंथरूण आणि पिल्लांची व तिची स्वतःची जीभ हीच तिथली संसर्गाची साधने.

हे सारे घडत होते तेव्हा आपल्याकडेही पशुवैद्यकाची पायाभरणी चालू होती. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ साली पुण्यात सरकारी जिवाणू प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ मध्ये कुमाऊँतील मुक्तेश्वरला गेली, आणि आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. पण त्या काळी सगळ्यांचे डोळे बुळकांडीवर होते, आणि ते योग्यच होते, कारण बुळकांडी गावेच्या गावे रिकामी करी. दगडीने जनावर लगेच मरत नाही, नुसते दूध जाते. मांजरीचा तर विचारच कोण करणार? ती दूध देत नाही, उलट पिते.

आता दुसरा धागा. गवळ्यांना एक गोष्ट शास्त्रज्ञांच्या फार आधीपासून ठाऊक होती आणि मराठीने ती शब्दांत पकडून ठेवली आहे. कासेत दूध असणे वेगळे आणि पान्हा फुटणे वेगळे. वासरू दूर नेले, धार काढायला परका माणूस बसला, की गाय 'पान्हा चोरते'. दूध आत असते पण उतरत नाही. या चोरीवर गोठ्यांतून एक क्रूर उपाय केला जाई. गाईम्हशींच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची, की पान्हा फुटतो. याला 'फुका' म्हणत. गांधीजींना या प्रकाराची इतकी घृणा आली की त्यांनी दूधच सोडले. १९१८-१९ च्या गंभीर आजारपणात कस्तुरबांनी सुचवले की तुमची शपथ गाईम्हशींच्या दुधाची आहे, शेळीच्या नव्हे. तेव्हा त्यांनी शेळीचे दूध घेतले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमात फुक्याला शिक्षा सांगितली आहे.

पण फुक्याने पान्हा फुटतो तो का? इथे मांजर पुढे येते. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री डेल याला आढळले की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क गाभण मांजरीला दिला, की तिचे गर्भाशय आकुंचन पावते. १९१० मध्ये अमेरिकेत ऑट आणि स्कॉट यांनी तसाच अर्क दुभत्या शेळीला टोचला, तर दुधाचा प्रवाह एकदम वाढला. लगोलग १९११ मध्ये एडिंबरा येथे शेफर आणि मॅकेंझी यांनी भूल दिलेल्या, पिल्ले पाजणाऱ्या मांजरींवर हेच करून पाहिले आणि दूध बाहेर पडताना दिसले. गर्भाशय आणि स्तन या दोहोंवर काम करणारे हे द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. पिल्लू चोखू लागले किंवा योनिमार्ग ताणला गेला की मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर जाते, पिट्युटरीतून ऑक्सिटोसिन रक्तात सुटते आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशी आकसून दूध पुढे ढकलतात. फुका याच खबरीचा गैरफायदा घेई. पुढे १९५३ मध्ये द्यू विन्यो याने ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ मध्ये त्याला नोबेल मिळाले. मग फुक्याची जागा सुईने घेतली, पण तो वेगळा विषय.

पान्हा चोरण्याचे गूढ १९४१ मध्ये मिनेसोटात ईली आणि पीटरसन यांनी सोडवले. गाईला घाबरवायचे म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर चक्क एक मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशवी फुगवून फोडली. पान्हा थांबला. पुढच्या प्रयोगांत मांजराची गरज नाही असे ठरवून त्याला सुटी देण्यात आली. पिशव्या पुरेशा होत्या. अॅड्रिनलिन टोचले तरी हाच परिणाम होई. भीतीच्या वेळी सुटणारे हे संप्रेरक ऑक्सिटोसिनच्या कामात आडवे येते. आपल्या मुलांना याचा सरळ उपयोग आहे. व्यालेल्या मांजरीभोवती गर्दी केली, पिल्ले सारखी उचलून पाहिली, की ती अस्वस्थ होते, पान्हा अडतो आणि आत दूध साचते. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो. त्यातल्या निदान दोनतीन फेऱ्या तरी आपल्या उत्सुकतेमुळे होत असाव्यात, असे माझे मत आहे.

दूध अडले की सूज येते, जिवाणू आत गेले की पू होतो, घाबरले की पान्हा थांबतो. एवढे कळल्यावर आजीचा सल्लाच बरोबर वाटतो: अडले आहे ना, मग काढा. काकांच्या बाजूने बोलणारा पुरावा यायला १९८० चे दशक उजाडावे लागले. तो पुरावा स्कॉटलंडमधल्या एअर गावच्या हॅना संशोधन संस्थेतून आला.

शेळीच्या कासेला दोन स्वतंत्र भाग असतात. माल्कम पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भागाचे दूध दिवसातून तीनदा काढले, दुसऱ्याचे नेहमीप्रमाणे दोनदा. दोन्ही भागांना रक्त तेच, संप्रेरके तीच, चारा तोच. तरी तीनदा काढलेल्या भागातले दूध वाढले, दुसऱ्यातले नाही. म्हणजे किती दूध करायचे याचा हुकूम फक्त मेंदूकडून येत नाही, प्रत्येक ग्रंथी स्वतःही ठरवते. मग शंका आली की हा नुसता ताण कमी होण्याचा परिणाम असेल. म्हणून जास्तीचे दूध काढल्यावर त्याच्या जागी निरुपद्रवी द्रावण भरून पाहिले. ताण तेवढाच राहिला, दूध तरीही वाढले. साचलेल्या दुधातच असे काहीतरी असते जे 'आता पुरे' असे सांगते. दूध काढले की तो निरोपही बाहेर जातो आणि ग्रंथी पुन्हा कामाला लागते. मला हा प्रयोग फार आवडतो. साधन म्हणावे तर एक शेळी आणि दोन सड, आणि तुलना इतकी चोख.

मांजराचे निरीक्षण करणाऱ्यांना याची चाहूल आधीच लागली होती. १९६० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये जे रोझेनब्लाट आणि सहकारी, तसेच आर. एफ. यूअर या प्राणिशास्त्रज्ञ बाई, मांजराच्या पिल्लांचे पिणे बारकाईने नोंदवत होते. मांजरीला सहसा आठ सड असतात, चार जोड्यांत. जन्मानंतर काही दिवसांतच बहुतेक पिल्ले आपापला ठरावीक सड धरतात आणि डोळे मिटलेले असतानाही अचूक तिथेच जातात. चार पिल्ले असतील तर उरलेल्या सडांना गिऱ्हाईकच नसते. तिथले दूध काही दिवसांत आटते, मात्र शेजारच्या सडांतून दूध चालू राहते. आई तीच, रक्त तेच! एखादे पिल्लू मेले तर त्याचा सड एकदम बेवारस होतो. पाजणाऱ्या मांजरीत एखादीच ग्रंथी सुजलेली दिसण्याचे हे एक कारण आहे.

१९९७ मध्ये उंदरांवरच्या एका प्रयोगाने यापुढची पायरी दाखवली. काही सडांची तोंडे बंद केली आणि पिल्लांना उरलेल्या सडांवर पिऊ दिले. बंद केलेल्या ग्रंथींमधल्याच दूध बनवणाऱ्या पेशी मरू लागल्या. हे मरण अपघाती नसते. घराचे बांधकाम संपल्यावर परांची उतरवावी तशी पेशी स्वतःला शिस्तीत मोडून घेतात. सुरुवातीला एकदोन दिवस ही क्रिया मागे फिरवता येते, पिल्ले परत आली तर दूध पुन्हा सुरू होते. त्यानंतर नाही. आटण्यासाठी दूध साचावेच लागते, ते साचणे हीच आटण्याची सुरुवात. गाय आटवताना आपले शेतकरी धार काढणे थांबवतात, त्यामागचे कारण हेच.

मात्र साचणे आणि आटणे यांच्या मधले काही दिवस धोक्याचे असतात. ग्रंथी ताणलेली असते, सडाची वाट पुरती मिटलेली नसते आणि रोजच्या धारेने आतले जिवाणू धुऊन जाण्याची सोयही संपलेली असते. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेने १९६० च्या दशकात गोठ्यांवर मोठे प्रयोग केले आणि दगडीविरुद्ध जो कार्यक्रम बसवला, त्यात म्हणूनच दोन गोष्टी ठळक होत्या: धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवणे आणि गाय आटवताना कासेत प्रतिजैविक सोडणे. मांजरीच्या बाबतीत पिल्ले तुटल्यानंतरचा आठवडा याच जातीचा आहे.

माणसांच्या वैद्यकातही आजी आणि काका यांचे पारडे खालीवर होत राहिले. १९८४ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी दुधातील पांढऱ्या पेशी आणि जिवाणू मोजून तीन अवस्था वेगळ्या केल्या: नुसते साचलेले दूध, जिवाणूंशिवाय दाह, आणि जिवाणूंसह दाह. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००० सालच्या अहवालाने दूध नीट काढून टाकण्यावर भर दिला. २०२२ मध्ये स्तनपान-वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय अकादमीने आपली मार्गदर्शिका बदलली. बाळाला नेहमीप्रमाणे पाजा, पण स्तन रिकामा करण्यासाठी जादा दूध काढू नका, जोरात चोळू नका, थंड शेक द्या, असे आता त्या सांगतात. कारण? जादा काढले की ग्रंथी जादा बनवते. एअरच्या शेळ्यांनी सांगितलेले माणसांच्या दवाखान्यात पोचायला चाळीसेक वर्षे लागली.

तर सायखेड्याच्या मुलीला उत्तर असे. पिल्ले गेल्यावर सगळ्या ग्रंथी सारख्याच टणक झाल्या असतील, पण मांजर खातपीत असेल, अंग तापलेले नसेल आणि दूध दुधासारखेच असेल, तर काका बरोबर. पिळू नये. फार तणाव वाटला तर थंड ओले फडके लावावे, एखादा दिवस खाणे थोडे कमी द्यावे, पाणी मात्र तोडू नये. बहुधा काही दिवसांत ग्रंथी सैल पडतात. उलट पिल्ले अजून पीत असतील आणि एखादीच ग्रंथी लाल, गरम, दुखरी झाली असेल, तर आजीच्या म्हणण्यात तथ्य आहे. तिथले दूध वाहते राहायला हवे. पण पिवळे, करडे किंवा रक्ताळलेले दूध, ताप, खाणे सोडणे, काळीनिळी पडलेली कातडी, किंवा भुकेने सारखी ओरडणारी पिल्ले यांपैकी काहीही दिसले, तर आजी आणि काका दोघांनाही बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्याकडे जायचे. प्रतिजैविक कोणते हे त्यांनीच ठरवायचे, कारण ते दुधातून पिल्लांच्या पोटात जाते. टेट्रासायक्लिनने वाढत्या पिल्लांचे दात पिवळे पडतात. तोवर पिल्लांना वरचे दूध द्यायचे झाले तर नुसते गाईचे पुरत नाही. मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त प्रथिने असतात.

एक गोष्ट जाड अक्षरांत लिहून वर्गात लावावी अशी आहे. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजरीला कधीही देऊ नये. हे औषध निकामी करण्यासाठी आपल्या यकृतात जे विकर असते ते मांजरात जवळजवळ नसते. एका गोळीनेही मांजर मरू शकते, आणि तेही रक्त प्राणवायू वाहून नेईनासे झाल्यामुळे, तडफडून.

प्रत्येक गाठ दुधाची नसते हेही सांगायला हवे. तरुण मांजरीच्या ग्रंथी पिल्ले नसतानाही काही आठवड्यांत लिंबाएवढ्या फुगल्या, तर प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा परिणाम असण्याचा संभव असतो. पिल्ले होऊ नयेत म्हणून दिलेल्या संप्रेरकाच्या सुईनेही असे होते. दहाबारा वर्षांच्या मांजरीत छोटी, टणक, न दुखणारी गाठ मात्र अधिक भीतिदायक. मांजरींच्या स्तनातील गाठींपैकी दहात आठांहून अधिक कर्करोगाच्या असतात, म्हणून 'बघू पुढच्या महिन्यात' असे म्हणू नये. पहिल्या सहा महिन्यांत शस्त्रक्रियेने अंडाशय काढलेल्या मांजरींत हा धोका फारच कमी राहतो.

आणि पिल्ले महिन्याची असताना एकदम देऊ नयेत. चौथ्या आठवड्यापासून ती थोडे थोडे खाऊ लागतात, आठव्यापर्यंत पिणे आपोआप कमी होते आणि आईचे दूधही त्याच गतीने आटते. द्यायचीच असतील तर एकेक करून, काही दिवसांच्या अंतराने द्यावीत. ज्या शाळेजवळच्या घरी मांजर व्यालेली असेल तिथल्या मुलांनी एक वही घालावी. पिल्लांना रंगावरून नावे द्यावीत, आठ सडांचा नकाशा काढावा आणि दुरून, हात न लावता, कोणते पिल्लू कोणत्या सडावर आहे याची दिवसातून तीनदा नोंद करावी. पंधरा दिवसांनी वहीत कोणते सड रिकामे राहिले ते पाहावे आणि आमच्याकडे तक्ता पाठवावा. सायखेड्याच्या वहीची आम्ही वाट पाहतो आहोत.